अप्पांनी चाखलेल्या तीन वाट्या

लातूरच्या दालमिलमध्ये सिद्रामप्पांनी एकतीस वर्षं काढली. तुरीचा दाणा दाताखाली धरला की तो किती वाळलाय, हे ते डोळे मिटून सांगायचे. पुढं दात गेले, ऐट मात्र जाग्यावर राहिली! त्यामुळे अंगणवाडीत बाळांच्या खाऊची निवड आहे म्हटल्यावर अप्पांनी टोपी चढवली.

"चवीचं काम हाय. मी येतो!"

सून मनिषाला चवीचं काही पडलं नव्हतं. तिची सात महिन्यांची सृष्टी वाढीच्या तक्त्यावर कमी वजनाच्या पिवळ्या पट्ट्यात अडकून बसली होती, आणि मनिषाचा जीव त्या पट्ट्यात अडकला होता.

अंगणवाडीच्या तनुजाताईंनी तीन वाट्या मांडल्या होत्या. "आजवर एकच पाकीट यायचं, त्यातलं निम्मं शेळी खायची. आता तीन हायेत. मूगडाळीची खिचडी, नाचणीची पेज, न्हाईतर ज्वारीचा गोड शिरा. लेकराला चाटवा आन् आवडंल त्यावर खूण करा. तीन म्हैने बदल न्हाई, बरं का!"

मनिषानं पेजेत बोट बुडवलं, तोच अप्पा गरजले, "थांब! मामानं उष्टावण केल्याबिगर पोरीच्या तोंडात घास जायचा न्हाई!"

"अप्पा, पर मामा येणार कधी?"

"त्याची गाय व्याली की येतो म्हणलाय वीरभद्र."

"म्हैना झाला, ती गाय आज-उद्याच करून राहिली!"

ताईंनी कपाळाला हात लावला. "मग पोरीची आवड कळायची कशी?"

अप्पांनी बोळकं उघडून दाखवलं. "तिला दात न्हाईत, मलाबी न्हाईत. आमी दोघं एकाच मापाचे! आणा वाट्या."

आणखी तिघींच्या लेकरांचे मामा यायचे राहिले होते. त्यातली शांतम्मा म्हणाली, "अप्पा, आमच्याबी सोमेशचं बघा की!" बाकी दोघींनीही माना डोलावल्या. मग काय! अप्पांनी चार लेकरांच्या वतीनं चार वेळा खिचडी, चार वेळा पेज आणि शंका नको म्हणून सहा वेळा शिरा चाखला. ज्यांचे मामा वेळेवर येऊन गेले होते ती लेकरं पुढं आली, तेव्हा वाट्या धुतल्यासारख्या लख्ख होत्या! ताईंना पुन्हा चूल पेटवावी लागली.

अप्पांनी चौघांच्याही नावापुढं शिऱ्यावर खूण केली.

चार दिवसांनी गाय व्याली. मामा खरवस घेऊन हजर! पाटावर बसून सृष्टीला मांडीत घेत त्यानं शिऱ्याचा चमचा पुढं केला. पोरीनं ओठ असे मिटले, जसं ट्रंकेला कुलूप!

मामा थकला. मनिषा रडकुंडीला आली. सासू पार्वतम्मा नवऱ्यावर कडाडल्या, "अवं, तीन म्हैने आता हाच शिरा! पोरीनं काय खावं?"

अप्पांचा चेहरा उतरला. चूक झाली की काय? खात्री करायला त्यांनी चमचाभर शिरा तोंडात टाकला आणि बोळकं हलवत राहिले. सृष्टी टक लावून बघू लागली. बघता बघता चिमणीच्या पिलासारखं तिचं तोंड उघडलं! मामानं घास आत सरकवला. गेला! दुसऱ्याला पुन्हा कुलूप. अप्पांनी खाल्लं, तेव्हाच उघडलं.

मग तोच रिवाज पडला. एक घास अप्पांना, एक सृष्टीला. बातमी शांतम्माकडं पोचली. मामा उष्टावण करून गेला तरी सोमेशही तोंड उघडत नव्हता, आणि बाकी दोघांचंही तेच. खूण कुणी केली होती? अप्पा चारी घरं फिरू लागले.

पुढच्या वजनाला सृष्टी पिवळ्यातून हिरव्यात आली. मनिषानं पदर डोळ्याला लावला. अप्पा चौफेर बघत म्हणाले, "चव कुणी निवडली?"

"तुमीच!" ताई म्हणाल्या. "अप्पा, तुमीबी जरा चढा की काट्यावर."

अप्पा चढले. गेल्या महिन्यात दवाखान्यात भरलं होतं त्यापेक्षा साडेतीन किलो वाढ! चारी लेकरांची मिळून एवढी नव्हती.

अप्पांनी हळूच टोपी काढून मनिषाच्या हातात दिली, उपरणंही दिलं, आणि काट्याकडं पुन्हा वाकून पाहिलं. काटा हलायला तयार नव्हता.