डायरीतले सगळे रविवार

डिजिटल डायरी मी घेतली ती चारचौघांत वेगळं दिसायला नको म्हणून. एरवी माझं कागदी वहीशी काही वाकडं नव्हतं. पण आमच्या खात्याचे मोठे साहेब हिबिनो यांनी उन्हाळी बोनस हातात पडताच ती घेतली, मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर टेबलावर ठेवली, दोन बोटांनी टिकटिक केली आणि म्हणाले, "पुढचा मंगळवार मोकळा आहे." झालं. पुढचा मंगळवार येईस्तोवर आमच्या मजल्यावर जो तो टिकटिक करायला लागला. आता आमची नागोयातली कंपनी काय बनवते, तर न्हाणीघरातल्या टबांवर ठेवायची झाकणं. झाकणाच्या धंद्यात लक्षात ठेवण्यासारखं असतं तरी काय? पण मी एका विभागाचा प्रमुख. मी खिशातून वही काढली की लोक माझ्याकडे आजारी माणसाकडे बघावं तसे बघायचे. शेवटी घेतली.

पहिला शनिवार-रविवार नावं भरण्यात गेला. बटणं तांदळाच्या दाण्याएवढी आणि माझी बोटं झाकणवाल्याची. एक अक्षर दाबायला जावं तर तीन उमटायची. सगळे साहेब, सगळे दुकानदार भरून झाले तरी जागा उरली, म्हणून मी माझ्या बायकोचं नाव, पत्ता आणि घरचा फोनही भरून टाकला. (लग्नाला बावीस वर्षं झाली होती. पत्ता मला पाठ होता.)

सुमिए, म्हणजे माझी बायको, दाराशी उभी राहून हे सगळं बघत होती. तिनं विचारलं, हे वहीपेक्षा जास्त काय करतं? मी ऐटीत म्हणालो, हे लक्षात ठेवतं. तर म्हणाली, ते ठेवेल हो, पण ते कुठे ठेवलंय हे कोण लक्षात ठेवणार? आणि गंमत म्हणजे त्याच आठवड्यात ते पँटबरोबर धुण्यात जाता जाता तिनंच वाचवलं.

तिथेच माझं नशीब फिरलं. कारण यंत्र परत देण्याआधी सुमिएनं त्याचं माहितीपुस्तक वाचलं. मी ते उघडलंही नव्हतं. तिनं एका दुपारीत वाचून संपवलं आणि तिला कळलं की या यंत्रात हवी ती तारीख, हवी ती वेळ आणि हवा तो मजकूर घालता येतो. वेळ झाली की घंटा वाजते, यंत्र हातातलं काम बाजूला टाकतं आणि तो मजकूर पडद्यावर येतो. झालं ना कल्याण. इतकी वर्षं ती मला फक्त घरात बोलू शकायची. आता ती माझ्या खिशात येऊन बसली. गिऱ्हाईकासमोर झाकणाचा नमुना उलगडतोय, तोच खिसा वाजायचा आणि पडद्यावर यायचं: टोफू. बाहेर पडताना छत्री. आईला फोन, आजच. कामं कमी व्हावीत म्हणून माणूस यंत्र घेतो. इथे कामांनाच माझा पत्ता सापडला.

त्यातली एक सूचना कायमची होती. दर शनिवारी मी दुकानातून तलवारबाजीच्या पिक्चरच्या दोन कॅसेट भाड्यानं आणायचो, पहिली मारामारी सुरू होण्याआधी झोपायचो आणि कॅसेट परत करायला विसरायचो. म्हणून सुमिएनं एकेक करत वर्षअखेरपर्यंतचे सगळे रविवार भरून ठेवले. दुपारी एक वाजता घंटा. मजकूर दर रविवारी तोच. तो मला इतका पाठ झाला होता की मी तो वाचायचंही सोडून दिलं होतं, नुसतं बटण दाबून गप्प करायचो.

अशात माझ्या विभागातला इनागाकी आमच्याकडे आला. चांगला सूट घालून आला तेव्हाच मी ओळखलं. त्याचं लग्न ठरलं होतं आणि मध्यस्थ म्हणून मी आणि सुमिएनं बसावं अशी त्याची विनंती होती. आमच्यात साहेबाला अशा विनंतीला नाही म्हणता येत नाही. व्यासपीठावर नवरानवरीच्या दोन बाजूंना आम्ही दोघांनी बसायचं, आणि सगळ्यांच्या आधी मी उठून दोघांची ओळख करून द्यायची. मी हो म्हणालो. त्या महिन्यात गोदामाची मोजदाद चालू होती आणि मी उभ्या उभ्या झोपत होतो, पण हो म्हणालो.

चार दिवसांनी नवरी एकटीच आली. चिआकी तिचं नाव. मोसंबीचा खोका पुढे सरकवून तिनं चहाचा कप बाजूला ठेवला. मग म्हणाली की तिला आईवडील नाहीत, आजीनं वाढवलंय. तोमेआजी. चिआकीच्या थोरल्या बहिणीच्या लग्नात एक पाहुणा भाषणाच्या भरात 'परत' म्हणून गेला होता, आणि बहीण दोन वर्षांत खरंच सासर सोडून परत आली. तेव्हापासून आजीनं त्या शब्दाचा धसका घेतलाय. या लग्नाला आजी दोनदा नाही म्हणाली आणि मोठ्या मिनतवारीनं तयार झाली.

"साहेब, मी काही असलं मानत नाही," चिआकी म्हणाली. "पण आजी मानते. एखादा शब्द वावगा गेला तर ती मला काही बोलणार नाही. मरेपर्यंत नुसती माझ्याकडे बघत बसेल, आता ही कधी येते म्हणून. तेवढं सांभाळा."

आता लग्नात वावगं बोलायचं नाही हे कुणाला सांगावं लागत नाही. तुटणं नाही, परत जाणं नाही, पुन्हा पुन्हा नाही, संपणं तर मुळीच नाही. केकसुद्धा कुणी कापत नाही, त्यात सुरी 'घालतात'. पण मुलीचा चेहरा बघून मी तसं म्हणालो नाही. मला मुलगी नाही. असती तर मोसंबी घेऊन अशीच कुणाच्या दारात बसली असती. मी म्हणालो, चिंता करू नकोस, एकेक शब्द तोलून लिहितो.

आणि लिहिला. सुमिएनं प्रत्येक वाक्य तपासलं. 'टबाला जसं झाकण तशी नवऱ्याला बायको' ही उपमा तिनं एका रेघेत उडवली. (मला ती आवडली होती.) 'कंपनीतले कष्ट संपवून' मधलं 'संपवून' काढलं. शेवटी भाषण इतकं निर्मळ झालं की त्यातून पाणी गाळून घ्यावं. ती म्हणाली, आता चांगल्या कागदावर उतरवून घ्या. इथे माझी बुद्धी फिरली. हिबिनोसाहेब येणार होते, पहिल्याच टेबलावर बसणार होते. मी म्हणालो, कागद कशाला? डायरीत घालतो.

आठवडाभर मी ते भाषण दाण्याएवढ्या बटणांनी आत ढकलत होतो. पडद्यावर एका वेळी चारच ओळी दिसायच्या. चार ओळी वाचायच्या, बटण दाबायचं, पुढच्या चार. मी सराव केला. आणि मी काही अगदीच बावळट नाही, भर लग्नात टोफूची घंटा वाजली तर शोभा होईल हे माझ्या लक्षात आलं होतं. म्हणून हॉलमध्ये शिरण्याआधी मी मोठ्या हुशारीनं यंत्राचा आवाज बंद केला. मनाशी म्हणालोसुद्धा, कुवाबारा, तू आता तयार झालास.

रविवार होता. भाड्याचा कोट काखेत काचत होता, आदली रात्र गोदामात गेली होती. सुमिए काळ्या किमोनोत व्यासपीठाच्या दुसऱ्या टोकाला ताठ बसली होती, पट्टा इतका आवळलेला की तिला मान वळवता येत नव्हती. समोर नवरीकडच्यांत तोमेआजी. एवढीशी बाई, हात मांडीवर, डोळे माझ्या तोंडावर. मी उठलो, वाकलो, यंत्र काढलं. पहिल्या टेबलावरून हिबिनोसाहेबांनी ते पाहिलं आणि मान हलवली. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

चार ओळी, बटण. चार ओळी, बटण. इनागाकीचं शिक्षण झालं, नोकरी झाली, त्याच्यामुळे गुंडाळीच्या झाकणांचा खप वाढला तेही झालं. माझा आवाज छान लागला होता आणि डोकं केव्हाच झोपलं होतं. तोंड वाचत होतं, बोट दाबत होतं. नवरीचं बालपण आलं, आजीनं तिला कसं प्रेमानं वाढवलं ते आलं. आजीचे डोळे जरा ओले झाले. आणि त्याच खणखणीत, गंभीर आवाजात मी पुढे वाचलं:

"परत करा. उशीर झाला तर सगळं संपलं. पुन्हा पुन्हा सांगणार नाही."

एक वाजला होता.

बटण दाबल्यावर पुढच्या चार ओळी आल्या आणि तेव्हा कुठे मला कळलं की मी काय वाचलं. एका वेटरनं बाटली अर्धी वाकवली होती ती तशीच धरली. हिबिनोसाहेबांनी आपली डायरी हळूच खिशात घातली. इनागाकी पांढरा पडला. चिआकी माझ्याकडे बघत नव्हती, ती आजीकडे बघत होती, आणि तो चेहरा मला आजही नको वाटतो. जे सांभाळा म्हणून पोरीनं सांगितलं होतं ते सगळंच्या सगळं मी एका दमात सांडलं होतं. बाकीचे लोक निदान एखादा शब्द चुकतात.

तेवढ्यात दुसऱ्या टोकाला सुमिए उठली. पट्ट्यामुळे तिला नीट वाकताही येईना, तरी ती वाकली.

"तो मजकूर माझा आहे," ती म्हणाली. "कॅसेटबद्दल आहे. दर रविवारी हे विसरतात, म्हणून मी त्या यंत्रात घालून ठेवला होता. दोष माझा आहे."

कुणी हसलं नाही. सगळे तोमेआजींकडे बघत होते. आजी उठल्या. त्यांना उठायला वेळ लागला आणि तेवढ्या वेळात मी दोनदा राजीनामा दिला.

"म्हणजे हे शब्द तुम्ही यांना म्हणालात?" आजींनी सुमिएला विचारलं.

"हो. यांनाच."

"माझ्या नातीला नाही?"

"छे हो. तिला मी असं कशाला म्हणेन?"

"लग्नाला किती वर्षं झाली तुमच्या?"

"बावीस."

"आणि दर रविवारी हेच म्हणता?"

"यांना दुसरं काही समजत नाही," सुमिए म्हणाली.

आजींनी विचार केला. असल्या बाबतीत त्या वकिलापेक्षा पक्क्या असाव्यात. मग सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "शब्द ज्याच्या नावाचा त्याला लागतो. हे यांच्या नावाचे आहेत. लागायचे ते यांना लागतील, माझ्या पोरीला नाही." आणि बसल्या. बसता बसता म्हणाल्या, "वाचा पुढे."

चिआकी बसल्या जागी आजीकडे बघून वाकली. मग कुणीतरी फसकन हसलं, आणि मग सगळेच. माझ्या विभागातले तर टेबलावर डोकी ठेवून हसत होते. मी एकटाच उभा होतो, अंगावर तीन अपशकुन घेऊन. पुढचं भाषण सुमिएनं येऊन यंत्र माझ्या हातातून काढून घेतलं तेव्हा पुरं झालं. ती बटण दाबायची, आधी स्वतः वाचायची, मग मला दाखवायची.

निघताना दाराशी तोमेआजींनी मला थांबवलं. म्हणाल्या, बावीस वर्षं लग्न टिकवणारं यंत्र दिसतंय हे, माझ्या नातीला द्या. आयुष्यात कुठलीही भेट मी इतक्या तत्परतेनं दिली नाही. दोन्ही हातांनी, वाकून, तिथल्या तिथे दिली. घरी येताना खिसा हलका लागत होता. त्या रात्री मी कित्येक महिन्यांनी गाढ झोपलो.

आठवडा फार छान गेला. कुणी टोफू म्हणालं नाही. मी जुनी वही काढली आणि तिच्यात काहीच लिहिलं नाही. नवरानवरी हवाईला गेले होते. शनिवारी मी दोन कॅसेट आणल्या, झोपलो, आणि रविवारी दुपारी जेवून पुन्हा आडवा झालो, तोच फोन वाजला. सुमिएनं उचलला, ऐकला आणि लांबलचक वायर ओढत रिसीव्हर माझ्या कानाला लावला. दूरवरून, समुद्राच्या आवाजात, इनागाकी बोलत होता. ऑफिसात माझ्या टेबलापाशी उभा राहून बोलतो तसाच, अदबीनं.

"साहेब, सुट्टीच्या दिवशी त्रास देतोय, माफ करा. यंत्राचा आवाज बंद होता, तो आम्ही चालू केला. आत्ता घंटा वाजली." मग टिकटिक ऐकू आली, आणि मागून चिआकीनं हळूच काहीतरी सांगितलं. "कॅसेट परत करा, साहेब. वहिनींनी वर्षअखेरपर्यंतचे सगळे रविवार भरलेत. आम्ही एकही चुकवणार नाही."