एका अक्षराचा फरक

परदेशातून शिकून परत येताना तिला वाटलं होतं, जिन्याखाली पुस्तकांचं शेल्फ ठेवलं की अख्खी इमारत त्यावर तुटून पडेल. तुटून पडल्या त्या फक्त चपला. छोट्याशा बदलाने समाजात लाट कशी उसळते, यावर तिने प्रबंध लिहिला होता. इथे मात्र पान हलेना. (पुस्तकाचंही.) महिनाअखेरपर्यंत कोणी वाचताना दिसलं नाही तर शेल्फ भंगारात, असं सेक्रेटरीकाकांनी बजावलं.

अशात वरच्या मजल्यावरच्या काकू डबा परत द्यायला आल्या. आईचा मिक्सर घरघरत होता. पोरी, तू एवढी टवटवीत कशी, असं काकूंनी ओरडून विचारलं. संधी साधून तीही कळकळीने ओरडली, "उठल्याबरोबर अर्धा तास वाचते. दार लावून. तुम्हीही करून बघा, गुडघेदुखी विसराल."

काकूंनी डोळे विस्फारले, पण मान डोलावली.

आठवड्याभरात लिफ्टमध्ये बँकेतले साहेब दबक्या आवाजात म्हणाले, "ताई, आम्हीही सुरू केलंय. बायको आधी लाजत होती, आता थांबतच नाही."

तिचा ऊर भरून आला. सध्या कोणतं, असं तिने विचारलं.

"जे लागेल ते. पण जुनं असलं की पाय आपोआप हलतात."

वाचताना पाय कशाला हलायला हवेत, हे तिला कळेना. तल्लीनता असेल, म्हणून तिने सोडून दिलं.

रविवारी छताचा पोपडा आईच्या चहात पडला, तेव्हा ती तणतणत वर गेली. दार सताड उघडं. आत काकू गिरक्या घेत होत्या आणि मागे अर्धी इमारत.

"ये गं," काकू धापा टाकत म्हणाल्या. "तूच सांगितलंस ना, उठल्याबरोबर नाचते म्हणून?"

"वाचते, काकू. वाचते."

मागच्या रांगा गिरकीच्या मधेच थबकल्या.

"वाचून गुडघे कसे बरे होतील?" सेक्रेटरीकाकांनी (तिसऱ्या रांगेतून) समजुतीने विचारलं. मग तोडगाही काढला: उद्यापासून तिने पुढे उभं राहून शिकवावं, शेल्फाला कोणी हात लावणार नाही.

तिला टाळ्यासुद्धा ठेक्यात वाजवता येत नव्हत्या. पण दुसऱ्या दिवशी सकाळी तिने ठरवलं, सत्य थांबू शकतं, पुस्तकं नाही. ती पुढे उभी राहिली आणि डोळे मिटून हातपाय झाडले. सगळ्यांनी मनोभावे तसेच झाडले.

"परदेशी पद्धत आहे," काकू शेजारणीला कौतुकाने म्हणाल्या. "नाहीतर आपल्याला वाटलं असतं, पोरीच्या अंगावर झुरळ चढलंय."