रंभाबाईंची चव गेली!

"करोनाला माझ्या नाकात शिरायचं तर आधी मला इचारावं लागंल!" असं दर सोमवारी सकाळी जाहीर करून मगच रंभाबाई नाक पुढे करायच्या.

खर्डीच्या पलीकडे, भातखाचरांच्या कडेला एक वृद्धाश्रम आहे. तिथलं स्वयंपाकघर रंभाबाईंचं. कागदोपत्री ते ट्रस्टचं, पण मीठ कुठल्या डब्यात आहे हे ट्रस्टच्या अध्यक्षांनासुद्धा रंभाबाईंना विचारूनच कळायचं. महामारी आली आणि नियम झाला. आतली माणसं म्हातारी, नाजूक, म्हणून कामावरच्या प्रत्येकाची दर सोमवारी तपासणी! संजीवनी सिस्टर विहिरीत गळ सोडावा तशी नाकात कांडी सोडायची, गरागरा फिरवायची, औषधात बुडवायची आणि त्याचे थेंब पट्टीवर टाकायची. एक रेघ उमटली तर कामाला लागा. दोन उमटल्या तर मागची खोली, आणि बाहेरून कडी!

रंभाबाईंना करोनाची भीती नव्हती. मागच्या खोलीचीही नव्हती. भीती होती ती विहिणीची.

ही विहीण म्हणजे मैनाबाई, रंभाबाईंच्या आदेशची सासू. माहेर-सासर दोन्ही मुरबाडकडचं, जीभ मात्र थेट सिद्धगडाच्या कड्यासारखी. त्याच आश्रमात त्या धुणं बघायच्या. आदेशच्या लग्नात रंभाबाईंनी भर पंगतीत, "भात शिजला असता तर बरा लागला असता," असं म्हटलं होतं. मैनाबाईंनी ते पदराला गाठ मारून ठेवलं होतं. आणि आता सिस्टरने सांगून टाकलं होतं, "रंभाबाई पॉझिटिव्ह आल्या तर स्वयंपाक मैनाबाई करतील."

"ती करंल आन म्हातारी मान्सं उपाशी राहतील!" रंभाबाई फणकारल्या.

उपाशी राहिली असती तर एक वेळ चाललं असतं हो! पण त्यांना आवडलं असतं तर?

म्हणून रंभाबाईंनी बंदोबस्त करायचं ठरवलं. आदेशच्या मोबाइलवर एक दाढीवाला माणूस छातीठोकपणे सांगत होता की नाकात लिंबू पिळा, जंतू जागच्या जागी गार! दाढी एवढी लांब, माणूस खोटं कशाला बोलेल?

त्या सोमवारी सिस्टर यायच्या आधी रंभाबाईंनी सगळ्यांना स्वयंपाकघरामागे उभं केलं. सगळे म्हणजे वॉचमन धाऊ, उंबरमाळीहून झाडलोटीला येणारी तानी आणि मैनाबाई.

"मान वर कर रे धाऊ!"

"मावशी, झोंबंल ना!"

"झोंबंल तेव्हाच मरंल ना तो! आ वासू नको, तोंडात नाय घालायचं."

धाऊच्या नाकात लिंबू गेलं आणि धाऊ असा शिंकला की फाटकावरचा कुत्रा शेपूट घालून खर्डीच्या दिशेने पळाला. तानी जागच्या जागी फुगडी घालायला लागली. रंभाबाईंनी मात्र स्वतःच्या दोन्ही नाकपुड्यांत अख्खं अर्धं लिंबू पिळलं आणि डोळ्यांतून धारा लागलेल्या असताना म्हणाल्या, "काय बी होत नाय! या इहीणबाय, तुमी."

मैनाबाईंनी पदर नाकाला लावला. "तुमच्या हातचं मी पानातलं घेते, ते बी दोनदा बघून. नाकात कशापायी घेऊ?"

सिस्टर आली तेव्हा तिच्यासमोर लाल नाकाची, सुजल्या डोळ्यांची, शिंकणारी तीन माणसं उभी होती. तिने पटकन मास्कवर दुसरा मास्क चढवला. कांड्या फिरल्या, थेंब पडले. धाऊच्या दोन रेघा! तानीच्या दोन रेघा! रंभाबाईंच्या तर अशा ठसठशीत, जणू कोणी कुंकवाने ओढल्या होत्या!

मैनाबाईंची एक.

"मशीन बिघडलंय तुझं!" रंभाबाई गरजल्या.

"मशीन नाही, पट्टी आहे ती. चला मागे! मोठ्या तपासणीचे नमुने ठाण्याला पाठवते, रिपोर्ट येईपर्यंत कोणी बाहेर यायचं नाही."

धाऊ पंपाच्या खोलीत गेला. तानी आणि रंभाबाई मागच्या खोलीत. जाता जाता रंभाबाईंनी पाहिलं, मैनाबाई पदर खोचून स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडत होत्या. उजवा पाय आधी! नव्या नवरीसारखा!

दुपारी खिडकीतून ताटं आली. वालाचं बिरडं, भात आणि नाचणीची भाकर. रंभाबाईंनी ठरवलं होतं, एक घास घ्यायचा, थुंकायचा आणि ताट परत पाठवायचं. पहिला घास घेतला. मग खात्री करावी म्हणून दुसरा घेतला. वाल अख्खे, पण जिभेवर ठेवताच विरघळणारे. खोबऱ्याचं वाटण नेमकं. खात्री करता करता ताट पुसून निघालं.

तेवढ्यात खिडकीशी सिस्टर आली. तिच्या मागे मैनाबाई, हातात पळी.

"चव लागते का दोघींना? या आजारात चव जाते, म्हणून विचारायचं असतं."

"लागते की! लई भारी झालंय!" तानी म्हणाली. रंभाबाईंनी तिच्याकडे असं पाहिलं की उरलेली भाकर तिने नुसतीच चावली.

"आणि रंभाबाई, तुम्हाला?"

रंभाबाईंनी पळीकडे पाहिलं. मैनाबाईंनी पळी उगाच एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"नाय लागत."

"लागत नाही की आवडलं नाही? नीट सांगा. डॉक्टरांना कळवायचंय."

आता आली का पंचाईत! आवडलं नाही म्हणावं, तर ताटात शीतसुद्धा शिल्लक नव्हतं. आवडलं म्हणावं, तर समोर इहीण!

"लागतच नाय!" रंभाबाई ठणकावून म्हणाल्या. "माती खाल्ल्यागत लागलं! अन्न टाकू नाय म्हणून गिळलं."

आणि मग जे सुरू झालं ते विचारू नका! बोटाला चिमटा लावला, वाफ दिली, काढा पाजला. आदेशचा फोन आला, "आये, तुझी चव गेली?" मागून सून पूजा रडताना ऐकू येत होती. संध्याकाळपर्यंत खर्डीत बातमी झाली की रंभाबाई आता कोणाला ओळखत नाहीत! तिकडे जेवणघरातून भगीरथ बाबांचा आवाज येत होता. हे आश्रमातले सर्वांत म्हातारे. रंभाबाईंच्या राज्यात दोन घासांवर हात धुणारे!

"मैनाबाय, अजून वाढा वाईच!"

रंभाबाईंनी उशी कानावर दाबली.

अखेर ठाण्याहून रिपोर्ट आला. तिघांनाही काही झालेलं नव्हतं! सिस्टर चक्रावली. "मग त्या रेघा कशा आल्या?"

"लिंबानं आल्या असतील," धाऊ पंपाच्या खोलीतूनच ओरडला. "मावशीनं पिळलं ना नाकात!"

सिस्टरने डोक्याला हात लावला. "अहो, आंबटाने पट्टी फसली! चला, धाऊ, तानी, कामाला लागा. रंभाबाई, तुम्ही थांबा."

"आता मी का?"

"तुमची चव गेलीय. चव नसलेल्या माणसाला मी स्वयंपाकघरात कशी सोडू?"

"आली चव!"

"कधी?"

"आत्ता!"

"मग खाऊन दाखवा. मैनाबाई, ताट आणा हो!"

ताट आलं. पुन्हा बिरडंच! दारात धाऊ, तानी, काठी टेकत भगीरथ बाबा, आणि सगळ्यांच्या पुढे मैनाबाई. रंभाबाईंनी डोळे मिटले, घास घेतला. एकीकडे स्वयंपाकघर, दुसरीकडे तोंडातला घास. आयुष्यात त्यांनी कडू काढे पुष्कळ प्यायले होते, पण असा नाही!

"काय लागतंय?" सिस्टरने विचारलं.

"वाल... खोबरं... लसूण."

"कसं झालंय?"

"बरं."

"बरं म्हणजे?"

"चांगलं," रंभाबाई पुटपुटल्या.

"इहीणबाय," मैनाबाई अदबीने म्हणाल्या, "तुमच्या तोंडाला मास्क नाय, पण ऐकू काय आलं नाय बगा मला."

"चांगलं झालंय गो बाये! लई चांगलं झालंय! झालं समाधान?"

भगीरथ बाबांनी टाळ्या वाजवल्या. मैनाबाईंनी पळी पदराने पुसून रंभाबाईंच्या हातात दिली आणि धुण्याकडे निघून गेल्या.

रंभाबाई ताठ मानेने स्वयंपाकघरात शिरल्या. एवढं सगळं झाल्यावर आता बिरडंच करायचं, आणि असं करायचं की बाबांनी पातेलं चाटावं! वाल शिजले. वाटण पडलं. रंभाबाईंनी पळीवर घेऊन चाखलं. पुन्हा चाखलं. मग इकडेतिकडे बघून त्या हळूच मागच्या दाराने धुण्याच्या दगडाशी गेल्या.

"इहीणबाय, ते खोबरं तुमी भाजून घेता का वलंच वाटता?"

मैनाबाईंच्या हातातली चादर थांबली. "का वो? तुमी इचारताय?"

"मला काय येत नाय व्हय? येवढ्या वर्साचा हात हाय माझा! अजून चव नीट लागत नाय गो मला, म्हणून इचारलं. दुसरं काय नाय!"

"चव लागत नाही?"

हा आवाज मैनाबाईंचा नव्हता. रंभाबाईंनी मान वळवली. मागे संजीवनी सिस्टर उभी होती, आणि तिने पिशवीतून नवी कांडी काढली होती.