अत्तरवाल्यांचे नाक आणि मांडवाखालचे गटार

श्रीवायुदेवता प्रसन्न असो आणि ऐकणाऱ्याचे नाक शाबूत असो. शके एकोणीसशें शेहेचाळीस, फाल्गुन शुद्ध दशमी, ते दिवशी एका राज्यात (नाव लिहीत नाही, माणसे अजून तेथेच नांदतात) अत्तरवाले त्र्यंबकराव यांचे नातीचे, शाल्मलीचे, लग्न होते, आणि सकाळीच रस्ता खोदणाऱ्या पिवळ्या यंत्राने दात मारोन गॅसची वाहिनी फोडिली, आणि भपकारा मांडवापावेतो आला. मग गॅसवाल्यांकडील परीक्षक इंदुमतीबाई सावरगावकर मापकयंत्र घेऊन त्वरेने पातल्या. झडप बंद करावयास माणसे धाडिली होती, परंतु झडप दूर आणि गंजलेली, वेळ लागणार. बाईंनी वारा कोणीकडचा ते पाहिले आणि गटाराच्या झाकणाशी यंत्र धरिले, तो आकडा चढोन चाळीसावर गेला; शंभर म्हणजे ठिणगीसरशी हवाच पेटण्याची हद्द. गॅस गटारातून थेट मांडवाखाली शिरला होता, वर दोनशें माणूस, आणि आचारी भट्टीपाशी काडेपेटी घेऊन सिद्ध.

त्यांनी बाहेर निघा म्हणोन सांगितले, परंतु ऐकतो कोण? मंडळी त्र्यंबकरावांकडे पाहात. त्यांचे नाक पंचक्रोशीत मान्य. डोळे मिटोन मोगरा कोणत्या मळ्याचा ते सांगत. त्यांनी दीर्घ श्वास घेतला आणि वास गेला, भट्टी पेटवा, ऐसा निवाडा दिधला. आता बाईंस ठाऊक की सकाळपासोन तोच वास घेता घेता नाक थकते आणि मग काहीच सांगत नाही. परंतु भर मांडवात थोरल्यांचे नाक खोटे म्हणावे तर सारेच हट्टास पडणार. मग बाई हात जोडोन म्हणाल्या, "आजोबा, तळ्यावर जाऊन घटकाभर मोकळी हवा घ्या आणि परत येऊन वास सांगा. साक्षीला सगळं वऱ्हाड न्या, आचाऱ्यालाही." मनात मात्र, एकदाचा मांडव रिकामा होऊ दे, मग पुढचे पाहू.

त्र्यंबकराव इरेस पडले आणि नवरी, भटजी, बँडवाले, सारे वाऱ्याच्या वरच्या अंगास तळ्यावर गेले, आणि बाईंनी काडेपेटी आपले हाती घेतली आणि दिव्याच्या बटणास कोणी शिवू नये ऐसी ताकीद दिली. घटकेने स्वारी परतली, तो गटाराच्या झाकणालगतच्या चाफ्याच्या वळणावरच त्र्यंबकराव थबकले. दोन्ही हात आडवे धरोन बोलिले, "कोणी पुढे येऊ नका. गॅस आहे. मघाशीही होता."

इतक्यात झडप बंद जाहल्याची वर्दी आली, मग झाकणे उघडोन गटारे मोकळी केली, आणि यंत्राने तीन वेळा शून्य दाखविले तेव्हा बाई पायरीवर बसल्या आणि आपल्याशीच हसल्या. मुहूर्त टळला होता, भटजींनी गोरज धरिला, लग्न लागले. पंगतीत त्र्यंबकराव स्वतः बाईंच्या पानावर जिलबी वाढावयास आले आणि हळूच म्हणाले, "नाक हरलं, बाई. नात राहिली."

येणेप्रमाणे मांडव वाचला, दोनशें माणूस जेवोन सुखरूप घरी गेले. हल्ली त्र्यंबकराव अत्तराचा निवाडा देण्याआधी दारात जाऊन मोकळी हवा घेऊन येतात.