आवाज गिळणारी वटवाघळं

एका जंगलात, बाळांनो, टेलिफोन आले. जंगलात टेलिफोन कशाला, असं विचारू नका. आले म्हणजे आले!

जवळ बोललं तर ठीक. पण दरीपलीकडे फोन लावला की आपलाच आवाज माघारी येई. "जेवलीस का?" विचारलं की आपल्याच कानात, "जेवलीस का?" पलीकडची जेवली की उपाशी, देव जाणे.

म्हणून वटवाघळं नेमली. ती तारेला लटकत आणि परतणारा आवाज गट्ट करत. आधी दर तारेला एक वटवाघूळ असे. बहुतेक नुसती घोरत.

एक्स्चेंज सांभाळणारी साळूबाई साळिंदर म्हणाली, "अगं बाई, एवढा फौजफाटा कशाला? थोडीच ठेवा, माझ्या फांदीवर. लांबचा फोन आला की एक पाठवीन, बोलणं संपलं की परत बोलवीन."

मूठभर वटवाघळांत सगळ्या जंगलाचं भागू लागलं.

हे सिंहमहाराजांच्या कानावर गेलं. "आम्ही काय चारचौघांचं वटवाघूळ वापरायचं? आम्हाला राखीव हवं!"

आता महाराज फोन करत ते शेजारच्या गुहेत, राणीसाहेबांना. तिथे कुठला आलाय प्रतिध्वनी! पण सांगणार कोण? महाराजांना मिळालं म्हणून लांडगे प्रधानांना हवं, प्रधानांना मिळालं म्हणून तरसशेठना. बघता बघता साळूबाईची फांदी रिकामी.

आणि नेमका दरीपलीकडून तिच्या लेकीचा, टोचूचा फोन आला. पहिलं बाळंतपण, कळा सुरू, जवळ कोणी नाही.

"आई, काय करू गं?"

"कुशीवर नीज!" साळूबाई ओरडली.

"कुशीवर नीज!" तारेतून परत आलं, आणि त्यात टोचूचं पुढचं बोलणं बुडालं.

साळूबाईचा जीव कासावीस झाला. "गेले खड्ड्यात महाराज!" म्हणत तिने महाराजांच्या तारेवरचं झोपलेलं वटवाघूळ उचललं आणि लेकीच्या तारेला टांगलं. मग माय सांगत गेली, लेक ऐकत गेली. शेवटी तारेतून 'ट्यँहँ' आलं. साळूबाई हसली काय, रडली काय!

इतक्यात महाराजांचं बोलावणं आलं. त्यांनी त्याच वेळी, जन्मात पहिल्यांदा, दरीपलीकडच्या वाघोबाला फोन लावला होता.

"आमचं वटवाघूळ कुठे होतं?"

"चुकलं महाराज. मी काढलं." साळूबाई म्हणाली.

"शाब्बास! आम्ही म्हणालो, 'सिंहासारखा राजा दुसरा नाही.' वाघोबाही लगेच तेच म्हणाला! इतकं गोड बोलणं ते मेलं खाऊन टाकणार होतं. आमच्या तारेवर पुन्हा दिसता कामा नये!"

दिवस मावळायच्या आत प्रधानांनी आणि तरसशेठनी आपापली वटवाघळं परत पाठवली. साळूबाईची फांदी पुन्हा गजबजली.

तात्पर्य: बाळांनो, मोठ्यांना त्यांचाच आवाज ऐकत बसू द्यावा. मग आपल्याला एकमेकांचा ऐकू येतो.