पोनिजान पोनिजान याच्यावर पाळत

पुंगकुर्जो वॉर्डाच्या कचेरीत तीन डेस्कटॉप संगणक, सात कर्मचारी आणि एक पासवर्ड होता. पासवर्ड म्हणजे वॉर्डप्रमुखांच्या पत्नीची जन्मतारीख. ती भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवली होती, म्हणजे वॉर्डप्रमुखांच्याही लक्षात राहावी. संगणक सुरू करायचा, शहराच्या सर्व्हरवरची सामायिक फाइल उघडायची आणि मृत्यूचा दाखला असो की लग्नाचं पत्र, दोन मिनिटांत छापून हातात द्यायचं. एकोणीस वर्षांत आमच्या फाइली कुणी चोरल्या नाहीत. पण चोरल्या नाहीत याला पुरावा काय, असा प्रश्न मुख्य कचेरीतल्या एका समितीला पडला आणि सुरक्षित जोडणीची मोहीम निघाली.

मोहिमेचे अधिकारी हर्लांबांग साहेब गळ्यात दोन ओळखपत्रं घालून आले. चहा झाला, सोयाबीनच्या वड्यांचं तळलेलं टेंपे झालं, मग साहेब म्हणाले, "यापुढे ज्यानं त्यानं आपापल्या नावानं आत जायचं. नाव, आडनाव, पासवर्ड आणि मोबाइलवर आलेला आकडा. चारही जुळले तरच सर्व्हर उघडेल."

माझं नाव पोनिजान. एवढंच. आमच्या जावा बेटावर माझ्या पिढीतल्या मुलाचं एकदा नाव ठेवलं की बापाचं काम संपायचं. आडनावाच्या भानगडीत आम्ही कधी पडलोच नाही. पण आडनावाची चौकट रिकामी ठेवली की संगणक लाल व्हायचा आणि पुढे सरकायचा नाही.

मी फोन केला. "साहेब, मला आडनाव नाही."

"असं कसं? शोधा जरा घरात."

"छप्पन्न वर्षांत सापडलं नाही."

"मग तेच नाव दोनदा लिहा हो! सगळे तसंच करतात."

मी लिहिलं, पोनिजान पोनिजान. नोंदणी झाली. मला बरं वाटलं, कारण माझ्या मुलीचं, लारासचं लग्न महिन्यावर आलं होतं आणि आमच्या कचेरीच्या पत्राशिवाय काझी लग्न लावत नाहीत. लग्नाची पत्रं हे माझ्याच टेबलाचं काम.

तिसऱ्या दिवशी जोडणी बंद पडली. मागोमाग पत्र आलं: 'आपल्या ओळखपत्रावर पोनिजान असे नाव आहे. आपल्याच टेबलावरून पोनिजान पोनिजान ही अनोळखी व्यक्ती सर्व्हरमध्ये शिरण्याचा प्रयत्न करीत असल्याचे आढळले आहे. आपण तिच्यावर पाळत ठेवून रोज अहवाल सादर करावा.'

मी शेजारच्या टेबलावरच्या रेत्नोबाईंना गळ घातली. त्यांना दोन नावं होती आणि त्यांची जोडणी सुरळीत चालली होती. पण नव्या व्यवस्थेत ज्याला त्याला आपल्याच टेबलाच्या फाइली दिसत.

"दादा, मला फक्त मृत्यूचे दाखले दिसतात," बाई म्हणाल्या. "तसला हवा असेल तर आत्ता देते."

सरकारी पत्राला उत्तर द्यायचं नाही, एवढी माझी छाती नव्हती. मी पाळत ठेवली. अहवाल पहिला: संशयित सकाळी सात वाजून चाळीस मिनिटांनी आला. अहवाल चौथा: संशयितानं माझ्या डब्यातलं जेवण जेवलं, हरकत घेता आली नाही. अहवाल नववा: संशयिताच्या मुलीचं लग्न ठरलेलं असून त्याला रात्री झोप लागत नाही. यातला शब्द न् शब्द खरा होता.

चौदा अहवाल गेल्यावर समितीनं चौकशी लावली. हर्लांबांग साहेबांसमोर मी हात जोडले. "साहेब, तो मीच आहे."

"कोण? तो की तुम्ही?"

"दोघंही."

"बघा, आता तुम्हीच दोघं म्हणताय!" साहेबांनी ते लिहून घेतलं.

समितीचा निर्णय मात्र वेळेत आला. पोनिजान पोनिजान याची नोंदणी पूर्ण आहे, हजेरी नियमित आहे आणि वर्तन सौम्य आहे, सबब त्याला टेबलावर कायम करण्यात येत आहे. याउलट पोनिजान यांची जोडणीच नसल्यामुळे ते महिनाभर कामावर आल्याचा पुरावा नाही. त्यांचा ठावठिकाणा अज्ञात समजावा.

त्याच मिनिटाला माझा संगणक हिरवा झाला. नाव, आडनाव, पासवर्ड, आकडा, सगळं जुळलं. मी घाईघाईनं लारासचं पत्र उघडलं. वधूपित्याची चौकट सर्व्हरनं स्वतःच भरली होती: पोनिजान, ठावठिकाणा अज्ञात. खाली नियमानुसार ओळ होती की पिता नसल्यामुळे वली, म्हणजे वधूला देणारा पालक, म्हणून सरकारी काझीच वधूला देतील. खोडायला गेलो, तर सुरक्षिततेच्या कारणास्तव ती चौकट कुलूपबंद केलेली. मग मी पत्र छापलं, सही केली आणि शिक्का मारला.

घरी बायकोनं ते दोनदा वाचलं. "अहो, यात तुम्ही बेपत्ता आहात!"

"असू दे. पत्र वेळेत मिळालं ना?"

लारास म्हणाली, "बाबा, लग्न पुढे ढकलू या. तुमच्याशिवाय मी नाही बसणार."

"अगं, दुरुस्तीचा अर्जही सर्व्हरवरच आहे. तोवर नवरदेव म्हातारा होईल," मी म्हणालो. ती हसली. मी काही हसू शकलो नाही.

शुक्रवारी काझींनी जावयाचा हात हातात घेतला आणि लारासला देऊन टाकलं. मुलगी देताना बापानं म्हणायचे ते चार शब्द मी दोन महिने आरशासमोर घोकले होते. दुसऱ्या रांगेत बसून मी ते ओठांतल्या ओठांत म्हटले आणि मला रडू आवरेना. तेवढ्यात काझींना दुसरा साक्षीदार हवा होता. कागदपत्रं पूर्ण असलेला मांडवात मी एकटाच निघालो.

"नाव?"

"पोनिजान पोनिजान."

"वधूशी नातं?"

"काही नाही," मी म्हणालो आणि सही केली.

तुम्ही हसत असाल तर खुशाल हसा. पण एखाद्या अर्जानं पुढे सरकू दिलं नाही म्हणून तुम्हीही कधी तरी एका चौकटीत नुसतं टिंब ठोकलं असेल, नाही तर नसलेलं काही तरी लिहून मोकळे झाला असाल. त्या चौकटीतला तो माणूस आता सर्व्हरच्या आत आहे, आणि त्याचे कागद तुमच्यापेक्षा पूर्ण आहेत. घरात कुणाचं लग्न ठरलं, तर आधी त्याची परवानगी घ्या.