शिवप्पांचा पंखा

सोलापूरच्या उन्हाळ्यात पंख्याला तेल सगळेच घालतात. आमच्या शेजारचे शिवप्पा घालायचे ते नावेच्या पंख्याला, आणि नाव तर त्यांच्याकडे नव्हतीच. ती होती भिंतीपलीकडे, त्यांच्या सख्ख्या भावाच्या परसात.

नाव साधीसुधी नव्हे. पायांत फळ्या घातलेल्या माणसाला दोरीने पाण्यावरून ओढत नेणारी, साहेबाच्या काळातली मोटारबोट. कुठल्याशा संस्थानिकाच्या लिलावात या दोघा सुताच्या व्यापारी भावांनी ती का उचलली, हे त्यांच्या बायकांनाही कधी कळलं नाही. पण हिप्परग्याच्या तलावात थोरले मल्लण्णा ती चालवत, आणि धाकटे शिवप्पा धोतराचा काचा मारून, डोक्यावरच्या टोपीसकट, मागे पाण्यावर उभे राहत. बघायला ही गर्दी व्हायची.

मग दुकानाची वाटणी झाली. वाटणीत माणसं जेवढी खाली उतरू शकतात, तेवढे हे दोघे उतरले. शेवटी नाव उरली. पंचांनी ती थोरल्याला दिली, तेव्हा शिवप्पा अडून बसले, की मग पंखा माझा. पंचांना भुका लागल्या होत्या, ते हो म्हणाले.

पंखा दांड्यावर घट्ट बसलेला. एका पंचाने हातोडा मागवला, तर दोघे भाऊ एकदमच त्याच्या अंगावर धावले. ठोकलं की दांडा वाकतो. मग गॅरेजातून पुलर, म्हणजे घट्ट बसलेलं चाक ओढून काढायचा पेच, आणला. मल्लण्णांनी लाकडी ठोकळा लावून पातं अडवून धरलं, शिवप्पांनी नट सैल केला, पुलर पिळला आणि पंखा सुटला. एवढं सगळं एकमेकांशी अवाक्षर न बोलता.

तेव्हापासून दर खंडेनवमीला शिवप्पा पंखा घेऊन अंगणात बसत, आणि मला, एका शाळामास्तरला, समोर बसवत. आधी चिंचेने घासायचा. मग पात्याची कड बोटाने चाचपायची, खाच लागली की बारीक कानस मारायची. मग भोकात सळई घालून दोन खुर्च्यांच्या मध्ये फिरवायचा. दर वेळी जे पातं खाली येऊन थांबेल ते जड, त्याला पुन्हा कानस.

"मास्तर, शेजारच्याकडं नाव हाय," ते म्हणायचे, "पर ती जागची हालायची न्हाई." आणि चेहरा खुलायचा. सख्ख्या भावाला ते 'शेजारचा' म्हणत. बहात्तरच्या दुष्काळात तलाव आटला, लोक हंडे घेऊन वणवण फिरत होते, तेव्हाही पंख्याची पूजा चुकली नाही. वैर इतक्या निगुतीने जपणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

पुढे तलाव भरला, आणि मल्लण्णांना अर्धांगाचा झटका आला. त्यांनी मला बोलावून घेतलं. एकदा नावेतून तलावात जायचंय, पंखा दे म्हणावं, एवढंच मागणं. मी येऊन सांगितलं. शिवप्पा फटकन नाही म्हणतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, सर्व्हिसिंग राहिलंय, उद्या बघू.

दुसऱ्या दिवशी पुन्हा निरोप, पुन्हा मी. आता म्हणे एक पातं जड होतं. मग ग्रीस चांगलं मिळत नव्हतं. मग आणखी काहीतरी. मी संतापून निरोप सांगायचो, आणि ते मला बसवून घेऊन विचारत राहायचे: कसा म्हणाला, हसला का, माझं नाव घेतलं का. वर चहा यायचा. शेजारचा रोज आर्जवं करतोय याचीच यांना चटक लागली आहे, अशी माझी खात्री झाली. त्या चहाची मला किळस यायला लागली.

एका सकाळी पलीकडून बोलावणं आलं, ते निरोपासाठी नव्हतं. मल्लण्णा गेले होते.

मातीहून परतल्यावर शिवप्पा पंख्यासमोर जाऊन बसले. मी सळईवरचा पंखा फिरवून पाहिला, पुन्हा पुन्हा फिरवला. तो दर वेळी वेगळ्याच पात्यावर थांबत होता. त्यात काडीचीही खोट नव्हती. कधीपासून तयार आहे, मी विचारलं.

"पैल्याच दिवशी तयार हुता," ते म्हणाले. "पर दिला असता, तर अण्णानं दुसऱ्या दिवशी निरोप कशापायी धाडला असता? वाटणीपासनं त्यो माझ्याशी बोललाच न्हवता की, मास्तर."

मला दया यायला हवी होती. आधी आला तो राग. एका मरणाऱ्या माणसाची साधी इच्छा राहिली ती राहिलीच. पण शिवप्पा विचारत होते, काल अण्णा नक्की काय म्हणाला, आणि मी त्यांना तो निरोप पहिल्यापासून सांगत बसलो.